पोथीत सापडलेली पावती

चार प्रहर उरले

भालकीच्या सप्ताहात दामाजीपंतांच्या आख्यानाची रात्र आली की बुवा घाई करत नसत. नुसता दुष्काळ सांगायला त्यांना अर्धा तास लागे. पुढच्या रांगेत बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका बसलेल्या असत आणि त्यांच्यापुढे दुष्काळ उरकून चालत नाही, हे बुवांना पक्कं ठाऊक होतं. विहिरींचे तळ उघडे पडले, झाडपाला संपला, लोकांनी दावणीची गुरं सोडून दिली. आणि मंगळवेढ्यात बादशहाची कोठारं ज्वारीनं काठोकाठ भरलेली.

दामाजीपंत बहामनी बादशहाचे मंगळवेढ्याचे अंमलदार. धान्य सरकारचं, किल्ल्या त्यांच्या हाती. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण त्यांच्या घरी पानावर बसला, घरच्या पोरांच्या आठवणीनं त्याच्या घशाखाली घास उतरेना आणि तो रडू लागला, तिथून गोष्ट सुरू होते. पंतांनी त्याच्या घरी धान्य धाडलं, ते वाटेतच भुकेल्यांनी लुटलं. मग पंतांनी कोठारांची दारंच उघडली. हाताखालच्या मुजुमदारानं बिदरला कागद लिहिला. बिदरहून हुकूम सुटला, मुसक्या बांधून आणा.

'बिदर' म्हटलं की आमच्या मंडपात चुळबुळ होई. पंढरपूरकडच्या श्रोत्यांना बिदर म्हणजे गोष्टीतली राजधानी. आम्हाला ते चाळीसेक किलोमीटरवरचं जिल्ह्याचं गाव. कोर्टाची तारीख तिथे, मोठा दवाखाना तिथे आणि किल्लाही तिथेच. पंतांना नेणारे शिपाई आमच्याच शिवारातून गेले असणार, अशी माझी लहानपणी खात्री होती.

पुढे पुष्कळ वर्षांनी शेक्सपियरचं 'सिंबेलिन' वाचताना पाचव्या अंकातल्या तुरुंगाच्या प्रवेशाशी थबकलो. हे मी भालकीत ऐकलेलं आहे, असं वाटलं. आणि बहामनी इतिहासात महमूद गवानचं मरण वाचलं तेव्हा या दोन गोष्टींच्या शेजारी तिसरी येऊन बसली. तिन्हीत एका माणसाचा जीव जायची वेळ ठरलेली आहे आणि तिन्हीत एका कागदावर सगळं अडलं आहे. तेव्हापासून मी त्यांना एकाच रात्रीच्या चार प्रहरांवर मांडून पाहतो. घड्याळ माझं आहे, प्रसंग त्यांचे.

तीन प्रहर उरले

'सिंबेलिन'मधला पोस्थ्युमस लिओनाटस ब्रिटनच्या तुरुंगात आहे. पायात बेड्या, सकाळी फाशी. तुरुंगाचे रक्षक कुलूप लावून जातात आणि तो एकटा उरतो.

त्याचा गुन्हा काय? रोमन कपड्यांत सापडला म्हणून शत्रूचा माणूस ठरला, एवढाच सरकारी गुन्हा. खरा गुन्हा त्याच्या स्वतःच्या पोटात आहे. राजा सिंबेलिनची मुलगी इमोजेन ही त्याची बायको. राजानं त्याला हद्दपार केलं. रोममध्ये याकिमो नावाच्या माणसाशी त्यानं बायकोच्या निष्ठेवर पैज मारली. याकिमो पेटाऱ्यात लपून तिच्या शेजघरात शिरला, झोपलेल्या इमोजेनच्या हातातलं कंकण काढून घेतलं, छातीवरचा तीळ पाहून ठेवला आणि रोमला येऊन जिंकल्याची बतावणी केली. पोस्थ्युमसला कंकण पुरावा वाटलं. त्यानं आपल्या नोकराला, पिसानिओला, पत्र लिहिलं, तिला ठार कर. पिसानिओनं तिला मारलं नाही. मारल्याची खूण म्हणून रक्तानं भिजलेलं एक फडकं तेवढं पाठवलं.

इथे शेक्सपियरनं एक गोष्ट केली आहे, तिच्यासाठी मी हे नाटक पुन्हा पुन्हा उघडतो. बायको निर्दोष होती हे पोस्थ्युमसला अजून कळलेलं नाही. ती चुकली असंच तो अजून मानतो आहे. तरीही तिला मारायला नको होतं, या जाणिवेनं तो फाटून गेला आहे. आपली चूक उघड झाल्यावर पश्चात्ताप करणारे पुष्कळ असतात. समोरच्याची चूक खरी धरूनही स्वतःच्या हातांची लाज वाटणारा माणूस विरळा. साध्या शेतकऱ्याचे कपडे घालून तो ब्रिटनच्या बाजूनं लढला, एका चिंचोळ्या वाटेवर हरलेली लढाई जिंकून द्यायला मदत केली, आणि मरण आलं नाही म्हणून पुन्हा रोमन वेष चढवून कैद झाला. त्याला मरायचं आहे.

बेड्या वाजवत तो देवांशी बोलतो. सावकाराशी हिशेब करावा तसं ते बोलणं आहे. पायांपेक्षा मन जास्त जखडलेलं आहे, म्हणून ही कैद बरीच वाटते. इमोजेनच्या जिवाच्या बदल्यात माझा घ्या. त्याची किंमत तेवढी नाही, पण नाणं तुमच्याच टाकसाळीतलं आहे. इतकं बोलून तो झोपतो.

दोन प्रहर उरले

मध्यरात्री तुरुंगात मेलेली माणसं येतात. पोस्थ्युमसनं कधीच न पाहिलेला बाप, त्याला जन्म देताना गेलेली आई, लढाईत पडलेले दोन भाऊ. झोपलेल्या पोराभोवती ती फेर धरतात आणि देवाशी भांडू लागतात. पोरकं लेकरू तू कसं सांभाळलंस? त्या लबाड याकिमोला मोकळं का सोडलंस? न्याय देत नसशील तर आम्ही बाकीच्या देवांच्या सभेत दाद मागू.

आपल्याकडे हे भांडण परकं नाही. जनाबाईनं पांडुरंगाला शिव्या घातल्या आहेत, चोखोबानं त्याच्या दारात गाऱ्हाणं घातलं आहे. देवाला जाब विचारणं हा भक्तीचाच भाग आहे, हे आमच्या मंडपातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. इंग्लंडातल्या संपादकांना मात्र हा प्रवेश फार अवघड गेला. अलेक्झांडर पोपनं १७२५च्या आपल्या आवृत्तीत तो मुख्य मजकुरातून खाली उतरवला, हे शेक्सपियरचं असूच शकत नाही म्हणून. बर्नार्ड शॉनं १९३७ साली नाटकाचा शेवटचा अंक नव्यानं लिहिला, त्यात या देखाव्याला जागा नाही. सायमन फोर्मननं १६११च्या सुमारास नाटक पाहून कथानक टिपून ठेवलं, त्या टिपणातही आकाशातून उतरणारा देव नाही. आमच्याकडे हेच नाटक विष्णु मोरेश्वर महाजनींनी १८७९ साली 'तारा' या नावानं आणलं. इचलकरंजीकर मंडळींनी बडोद्याला त्याचा प्रयोग केला आणि तिथले प्राध्यापक हॅरोल्ड लिटलडेल यांना तो इतका भावला की त्यांनी इंग्लंडातल्या मासिकात त्यावर लेख लिहिला.

भुतांचं भांडण ऐकून विजा कडाडतात आणि गरुडावर बसून ज्युपिटर उतरतो. हातातलं वज्र फेकतो. भुतं गुडघ्यांवर येतात. देव रागावलेला आहे. ज्याच्यावर माझा जीव, त्यालाच मी आधी अडवतो, असं काहीसं सांगून तो एक पाटी देतो, ही त्याच्या छातीवर ठेवा. आणि निघून जातो.

या विजेचा प्रवेश वाचताना माझ्या डोळ्यांपुढे बिदरबाहेरचं अष्टूर येतं. तिथे बहामनी सुलतानांच्या कबरी एका ओळीत आहेत. त्यांतल्या हुमायूनशहाच्या कबरीवर वीज पडली आणि घुमट उभा चिरला. अर्धा कोसळला, अर्धा अजून उभा आहे. चिरलेल्या कडेशी उभं राहिलं की घुमटाची जाडी दिसते, विटांचे थर मोजता येतात आणि आत थेट आभाळ येतं. हुमायूनला लोकांनी 'जालिम' म्हटलं. त्यानं १४५८ ते १४६१ राज्य केलं, आणि दामाजींचा दुष्काळ काही अभ्यासक १४५८ ते १४६० असा धरतात. आमच्या बुवांनी बादशहाचं नाव कधी घेतलं नाही. मी मात्र त्या अर्ध्या घुमटाखाली उभा असताना पंतांच्या मुसक्या आठवल्याशिवाय राहत नाही.

एक प्रहर उरला

इकडे शिपाई पंतांना घेऊन चालले आहेत. पंतांनी एकच मागणं मागितलं, वाटेत पंढरपूरला दर्शन घेऊ द्या. दर्शन झालं, वाट पुन्हा धरली. ते पोहोचले की शिक्षा.

त्यांच्या आधी बिदरच्या दरबारात एक महार येऊन उभा राहतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. जोहार घालतो. कोण रे तू? मी दामाजीपंतांचा विठू. धान्याचे पैसे आणलेत. आणि कमरेची लहानशी थैली तो उपडी करतो. मोहरा पडतात, पडतच राहतात. इथे बुवा खरोखर थैली उपडी केल्यासारखा हात करत आणि पखवाजवाला नाण्यांचा आवाज काढी. आम्ही पोरं पुढे सरकून जमिनीवर बघायचो.

मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याला ज्या देवळाच्या पायरीशी अडवलं, त्याच देवळातला देव महाराच्या वेषात बादशहापुढे वाकला. बाकी सगळं विसरलं तरी गोष्टीतलं हे विसरू नये. महारांचे बावन्न हक्क बिदरच्या बादशहाच्या सनदेनं मिळाले, अशी आठवण महाराष्ट्रातल्या महार घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली. तोही कागदच.

पैसे मोजून झाल्यावर विठू हलत नाही. पावती द्या म्हणतो. मोहरा ओतणाऱ्या देवाला पावतीचं काय काम? पण पंतांवरचा आरोप कागदावर आला होता. सुटकाही कागदावरच यायला हवी. नुसता चमत्कार दफ्तरात जमा होत नाही. ही गोष्ट भक्तविजयात सांगणारा महिपती स्वतः ताहराबादचा कुलकर्णी होता. सरकारी कामासाठी पुन्हा लेखणी हातात धरणार नाही अशी शपथ त्यानं घेतली, तरी खरड्याची, शिक्क्याची, जमेच्या नोंदीची किंमत त्याला ठाऊक होती. म्हणून त्याचा देव शिक्का उठवून घेईपर्यंत दरबारातून निघत नाही.

आणि ती पावती तो पंतांच्या पोथीत नेऊन ठेवतो.

एक घटका उरली

पोस्थ्युमस जागा होतो. आईबाप सापडले होते, डोळे उघडताच हरवले. छातीवर पाटी. तो वाचतो. सिंहाचा छावा, कोवळी हवा, देवदाराच्या तोडलेल्या फांद्या. काही म्हणजे काही अर्थ लागत नाही. तरी तो ती ठेवून घेतो, कारण माझं आयुष्यही असंच न कळणारं आहे, म्हणतो.

पंत पोथी उघडतात. पानांत बिदरचा शिक्का मारलेली पावती. कुणी भरले पैसे? कोण विठू? त्यांनी कुणालाही धाडलेलं नाही.

माझी आज्जी दर वर्षी याच जागी मला कोपरानं ढोसायची. "दामाजीला देव दिसलाच न्हाई की रं! बादशानं बघितला." तेव्हा मला ती तक्रार वाटे. आता वाटतं, अख्ख्या आख्यानातलं मर्म तिनं धरलं होतं. ज्यानं जन्मभर नाव घेतलं त्याच्या वाट्याला कागद आला, आणि दर्शन झालं ते तलवार ज्याच्या हातात होती त्याला. पंत तर आधीच सुटलेले होते. पोरांच्या भुकेपुढे मान दिली तेव्हाच. सुटका व्हायची राहिली होती ती बादशहाची. विठू गेल्यावर तो बेचैन होतो, त्याला पुन्हा पाहायचा ध्यास घेतो, आणि पंत समोर येतात तेव्हा त्यांच्या मुसक्या सोडवून त्यांना मानानं जवळ घेतो.

तुरुंगाचा रक्षक दार उघडतो. मरायला तयार आहेस का? कधीचाच. दोघे मरणाच्या वाटेबद्दल बोलत असतानाच निरोप्या येतो, बेड्या तोडा, राजानं बोलावलं आहे. पुढच्या प्रवेशात सगळ्यांची ओळख पटते. इमोजेन जिवंत आहे. याकिमो गुडघे टेकतो, आणि पोस्थ्युमस त्याला सोडून देतो. त्याची माफी ऐकून सिंबेलिन राजा म्हणतो, जावयाकडून शिकलो, सगळ्यांनाच माफ. इथेही कैदी आधी सुटला आणि त्याच्या मागून राजा.

पळं उरली

तिसऱ्या माणसाच्या घटका आता मोजायच्या आहेत.

ख्वाजा महमूद गवान इराणातल्या गीलानचा. १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून बिदरला आला आणि राज्याचा मुख्य वजीर झाला. गोवा त्यानं जिंकून दिला. बिदरचा निळ्या-पिवळ्या चिनी फरशांचा मदरसा १४७२ साली त्यानं बांधला. राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या, प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीचे थेट सुलतानाकडे घेतले. ज्यांचे किल्ले गेले त्यांनी ते लक्षात ठेवलं. त्यांच्यात मलिक हसन निजाम-उल-मुल्क पुढे होता; पुढे अहमदनगरची निजामशाही उभारणाऱ्या मलिक अहमदचा बाप.

एप्रिल १४८१. सुलतान मुहम्मदशहा तिसरा पूर्वेच्या मोहिमेवर कोंडपल्लीला आहे.

आधी कागद. गवानचा शिक्का सांभाळणारा हबशी गुलाम कटवाल्यांनी दारू पाजून गाठला. एका मित्राचा हिशेबाचा कागद आहे, बाकी दफ्तरांचे शिक्के झाले, तुझा राहिला, असं सांगितलं. त्यानं घडी न उघडता शिक्का मारला. घडीत कोरा कागद होता. त्यावर गवानच्या नावानं ओरिसाच्या राजाला पत्र लिहिलं गेलं, सुलतानाच्या दारूला नि जुलमाला आम्ही कंटाळलो आहोत, तुम्ही चालून या.

मग कान. पत्र सुलतानापुढे आलं तेव्हा मलिक हसन जवळच होता. सुलतान नशेत. याकिमोच्या कंकणासारखाच हा पुरावा. वस्तू खरी, गोष्ट खोटी.

मग बोलावणं. मित्रांनी गवानला अडवलं. आज जाऊ नका. हजार घोडा तयार आहे, गुजरातला निघून चला. तो म्हणाला, बापाच्या चाकरीत ही दाढी पांढरी झाली, लेकाच्या हातून लाल झाली तर मानच आहे. हा बाप म्हणजे अष्टूरच्या चिरलेल्या घुमटाखालचा हुमायून.

मग प्रश्न. चाकरानं बेइमानी केली तर शिक्षा काय? गवान म्हणाला, तलवार. सुलतानानं पत्र पुढे टाकलं. गवाननं पाहिलं. शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही.

एवढंच सांगायला त्याला वेळ मिळाला. साक्षीदार बोलावले नाहीत. शिक्का सांभाळणाऱ्याला विचारलं नाही. सुलतान उठला, जौहर नावाच्या गुलामाला हुकूम देऊन आत निघाला. गवान पाठीमागून म्हणाला, माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या मरणाचं काही नाही, पण यात तुमचं राज्य जाईल आणि नावही जाईल. इतिहासकार फरिश्ता त्याचं वय ७८ देतो.

या जागी मी दर वेळी दाराकडे बघतो. घोंगडीवाला कुणी येईल, विजा कडाडतील, निरोप्या धावत येऊन म्हणेल, बेड्या तोडा. गवान पश्चिमेकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला, कलमा म्हटला. ५ एप्रिल १४८१. तलवार पडली.

नंतर

सुलतानाला वाटलं होतं, वजिराच्या घरी डोंगराएवढं धन निघेल. त्यानं खजिनदाराला बोलावून धमकावलं. खजिनदारानं चोपड्या पुढे ठेवल्या. मालकाची दोन खाती होती. एक सरकारी, त्यातून फौज, हत्ती, घोडे. दुसरं स्वतःचं, त्यातून गोरगरीब. आणि स्वतःच्या जेवणाला त्यानं आणलेल्या व्यापारी भांडवलाचा थोडा नफा. घरात निजायला चटई आणि रांधायला मातीची भांडी निघाली. पुस्तकं मदरशाची.

ही त्याची पावती. मोहरा कधीच भरलेल्या होत्या, शिक्क्यासकट. ती वाचायला सुलतान एक दिवस उशिरा बसला.

गवानचं प्रेत त्यानं मानानं बिदरला धाडलं. तरफदार एकेक करून दूर सरले, छावणीत येऊन मुजरा करायलाही ते धजत नव्हते. पुढच्या काही दशकांत बहामनी राज्याची पाच राज्यं झाली. पण त्याआधी, १४८२च्या मार्चमध्ये, मुहम्मदशहा शेवटच्या दुखण्यात पडला. फरिश्ता लिहितो की तो पुन्हा पुन्हा ओरडत होता, ख्वाजा मला ठार मारतो आहे, ख्वाजा मला फाडतो आहे.

त्या खोलीत ख्वाजा नव्हता. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.